पायाखालची राखीव ताकद

इलेक्ट्रिक एकचाकी बंद असताना वरच्या हँडलला धरून उभी करा आणि पेडलच्या पुढच्या टोकावर पायाने भार द्या. पेडल खाली जाते, त्याच्याबरोबर सगळे खोके पुढे कलते, त्याला अडवणारे काहीच नसते. आता बटण दाबून ती चालू करा आणि तेच पेडल तसेच दाबा. या वेळी पेडल आडवेच राहते आणि चाक पुढे निघते. मध्ये कुठे खिट्टी बसलेली नाही की लॉक लागलेले नाही. माणूस ज्यावर उभा राहतो ते पेडल मोटरच्या टॉर्कवर, आणि फक्त त्याच्यावर, पेललेले असते. ही गाडी चालवायची असो, विकत घ्यायची असो की नुसती समजून घ्यायची असो, सुरुवात इथूनच करावी लागते.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ती अजून क्वचितच दिसते, म्हणून आधी तिची ठेवण सांगतो. मधोमध एक जाड टायरचे चाक, बहुधा १४ ते २० इंचांचे. त्याच्या दोन्ही अंगांना आणि वर प्लॅस्टिकचे खोके, त्यात बॅटरी आणि कंट्रोलर. खालच्या बाजूला दोन घडीची पेडल, वर उचलायला हँडल. हँडलबार नाही, अॅक्सिलरेटर नाही, ब्रेकचा दांडा नाही. माणूस पुढे तोंड करून उभा राहतो, चाक त्याच्या दोन पोटऱ्यांच्या मध्ये असते. चालवणारे तिला 'ईयूसी' किंवा नुसते 'व्हील' म्हणतात.

ट्रेव्हर ब्लॅकवेल या अभियंत्याने अमेरिकेत २००४ साली सीट असलेली, स्वतः तोल राखणारी एकचाकी बनवली होती. आजचे बिनसीटचे रूप मात्र शेन चेन यांचे. चीनमधून अमेरिकेत गेलेल्या या संशोधकाने वॉशिंग्टन राज्यातल्या कॅमस गावच्या आपल्या इन्व्हेंटिस्ट कंपनीतून २०११च्या सुमारास 'सोलोव्हील' बाजारात आणली. पुढे हे काम चीनमधल्या कंपन्यांनी हाती घेतले: इनमोशन, किंगसाँग, आधीची गॉटवे म्हणजे आताची बिगोड, आणि 'व्हेटरन' नावाने गाड्या काढणारी लीपरकिम. २०२० हे वर्ष महत्त्वाचे, कारण त्या वर्षी इनमोशनची व्ही११ आणि किंगसाँगची एस१८ या सस्पेन्शन असलेल्या गाड्या आल्या, आणि व्हेटरनची शर्मनही आली. तिच्यात ३,२०० वॅट-तासांची बॅटरी आणि २० इंची चाक होते, वजन ३५ किलोच्या घरात. दहा वर्षांच्या आत ही वस्तू खेळण्यातून वाहनात गेली. तिचे धोकेही त्याच मापाने वाढले.

आता आत काय चालते ते पाहू. मोटर चाकाच्या तुंब्यातच असते. चेन नाही, गिअर नाही. तांब्याच्या वेटोळ्यांचा भाग आसाला पक्का, आस खोक्याला पक्का, आणि बाहेरची चुंबकांची कडी टायरसकट फिरते. कंट्रोलर बोर्डावर दोन संवेदक असतात. जायरोस्कोप खोके किती झपाट्याने कलते आहे ते सांगतो. त्याचे उत्तर तत्काळ मिळते, पण तेवढ्यावर विसंबले तर चूक थोडी थोडी साचत जाते. अॅक्सिलरोमीटर 'खाली' कुठे आहे ते सांगतो. त्याची चूक साचत नाही, पण रस्त्यातला प्रत्येक गचका त्याला बिथरवतो. सॉफ्टवेअर दोघांचे म्हणणे एकत्र करून खोक्याचा खरा कोन काढते आणि तो बिघडू नये म्हणून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवते. हे सेकंदाला शेकडो वेळा होते. तळहातावर काठी उभी तोलणारा मुलगा काठी कलेल त्या दिशेला हात सरकवत राहतो. कंट्रोलर चाकाचे तेच करतो.

यातली खरी गंमत न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. मोटर चाकाला पुढे फिरवते त्याच क्षणी तेवढाच उलटा टॉर्क खोक्याला मागे फिरवू पाहतो. तुमच्या पायाच्या बोटांचा भार खोक्याला पुढे पाडायला बघतो आणि मोटरचा उलटा टॉर्क त्याला सावरतो. दोन्ही जुळले की पेडल आडवे राहते आणि गाडी वेग घेते. टाचांवर भार दिला की सगळे उलट्या दिशेने होते आणि गाडी थांबते. म्हणजे पुढे झुकणे ही कंट्रोलरला दिलेली नुसती सूचना नसते. तुम्ही खरोखरच मोटरवर रेलता आणि ती तुम्हाला खरोखरच पेलते.

किती पेलते याचा ढोबळ हिशेब करून पाहू. चालवणारा ७५ किलोचा, गाडी २५ किलोची, चाक १८ इंची. शरीराचा गुरुत्वमध्य आसाच्या ५ सेंटिमीटर पुढे नेला, तर मोटरला सुमारे ३७ न्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. त्यातून चाकाला साधारण १६० न्यूटनचा रेटा मिळतो आणि गाडी झपाट्याने वेग घेते. एकदा ताशी २५ किलोमीटरला स्थिरावलात, की हवेचा आणि टायरचा रोध मिळून ८ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे गुरुत्वमध्य जेमतेम १ सेंटिमीटर पुढे. ताशी ५० किलोमीटरला मात्र २० न्यूटन-मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो आणि तो कापायला लागणारी वीज आठपट. हे आकडे मी पुन्हा वापरणार आहे.

डाव्या-उजव्या तोलात कंट्रोलर बोट लावत नाही. तो तुम्हीच सांभाळायचा, आणि तो सायकलसारखाच सांभाळला जातो: पडता आहात त्या बाजूला थोडे वळायचे, की चाक पुन्हा तुमच्या खाली येते. त्यासाठी गाडी चालती हवी. उभ्या जागी किंवा माणसाच्या चालीने ती डगमगते, आणि ताशी ८-१० किलोमीटरला अचानक शहाण्यासारखी वागू लागते. नवख्या माणसाला हे पटत नाही. भीतीपोटी तो हळू जातो आणि म्हणूनच पडतो.

शिकण्याची जागा सपाट, मोकळी आणि गुळगुळीत हवी. सुटीच्या दिवशी सोसायटीचे पार्किंग चालेल, बॅडमिंटनचे सिमेंटचे मैदान त्याहून चांगले, बाजूला कुंपण किंवा कठडा असला तर उत्तमच. खोक्याच्या दोन्ही बाजूंना जुनी योगा मॅट चिकटपट्टीने गुंडाळा, कारण गाडी बऱ्याच वेळा आपटणार आहे. पायात घोट्यापर्यंत येणारे, सपाट तळव्याचे बूट असावेत.

पहिला पाठ एका पायाचा. तुमचा भरवशाचा पाय, समजा उजवा, पेडलच्या मध्यावर आणि खोक्याला चिकटवून ठेवा. गाडी किंचित तुमच्याकडे कलू द्या, म्हणजे खोक्याची वरची कड नडगीच्या आतल्या बाजूला टेकेल. खाली तळपाय आणि वर नडगी, अशा दोन ठिकाणी गाडी धरली गेली की ती एका पायानेही ताब्यात राहते. आता डाव्या पायाने जमिनीला हलके रेटे देत चालत्या गाडीवर एका पायाने उभे राहण्याचा सराव करा. सगळा भार उजव्या पायावर गेला की गाडी आपोआप सरळ होते हे शरीराला कळायला वेळ लागतो, आणि तो द्यावा. एका पायावर चार-पाच मीटर सरळ जाता आले की दुसरा पाय वर घेणे फारसे अवघड राहत नाही. हा पाठ टाळून थेट भिंत धरून दोन्ही पाय वर घेणारे भिंतीचे गुलाम होतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही पाय वर आले की नजर लांब ठेवायची, पायाकडे बघायचे नाही. गुडघे सैल ठेवायचे. दात-ओठ खाऊन दोन्ही पोटऱ्यांनी खोके आवळले, तर शरीराची प्रत्येक थरथर चाकात उतरते. पहिल्या दिवसांत तळपाय भयंकर दुखतात, कारण बोटांनी बूट आतून आवळून धरलेला असतो. तोल यायला लागला की हे दुखणे जाते. वळणे हा पुढचा पाठ: कमी वेगात खांदे आणि कंबर वळवून, वेग वाढला की गाडी कलवून. दोन्ही बाजूंना इंग्रजी आठ काढता येईपर्यंत रस्त्याचे नाव काढू नये. आणि थांबायला शिकणे हे पळवायला शिकण्याच्या आधी यावे. ब्रेक लावताना पाठ मागे टाकायची नसते. खुर्चीत बसायला जावे तसे गुडघे वाकवून नितंब खाली-मागे न्यायचे, म्हणजे भार टाचांवर जातो आणि शरीर आवाक्यात राहते. याच वेळी अनेकदा गाडी डाव्या-उजव्या बाजूला थरथरू लागते, त्याला 'वॉबल' म्हणतात. ताठ झालेले पाय हे त्याचे नेहमीचे कारण. गुडघे वाकवावेत, एका पायावर थोडा जास्त भार द्यावा किंवा हलके नागमोडी वळण घ्यावे, थरथर विरते.

पडण्याबद्दल आडपडदा न ठेवता बोलले पाहिजे. या गाडीवरून माणूस बहुतेक वेळा पुढे पडतो आणि पडताना हात पुढे करतो. मनगटात, अंगठ्याच्या बुडाशी, स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड असते. त्याचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने ते मोडले तर जुळून यायला फार काळ घेते. म्हणून तळव्याला प्लॅस्टिकची गुळगुळीत चकती असलेले मनगटरक्षक घालावेत. हात जमिनीत रुतण्याऐवजी घसरतो आणि हाड वाचते. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड हवेतच. हेल्मेट हनुवटी झाकणारे, फुल-फेस. अर्ध्या हेल्मेटने टाळू वाचते, पण जबडा आधी आपटतो. धावत सावरता येईल एवढ्याच वेगात सुरुवातीचा काळ काढावा.

आता राखीव ताकदीकडे येतो, कारण गंभीर अपघातांचे मूळ बहुधा तिथे असते.

मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच वीजही तयार करते, आणि ती बॅटरीच्या विरुद्ध दिशेने ढकलते. याला बॅक-ईएमएफ म्हणतात. चाक जितके वेगात, तितका हा विरोध जास्त, आणि वेटोळ्यांत करंट घुसवायला बॅटरीकडे उरलेला दाब तितका कमी. गाडी उचलून चाक हवेत पूर्ण वेगाने फिरवले तर एका वेगाला दोन्ही बरोबरीत येतात. त्या वेगाला टॉर्क जवळजवळ शून्य असतो. याला 'फ्री-स्पिन' वेग म्हणतात. जाहिरातीत तो मोठ्या अक्षरात दिसला तर भुलू नये, कारण त्या वेगाला पेडल पेलायला मोटरकडे काहीच शिल्लक नसते. वेग वाढत जातो तशी उपलब्ध टॉर्कची रेषा खाली उतरते आणि हवेमुळे लागणाऱ्या टॉर्कची रेषा वर चढते. त्या दोन रेषांमधले अंतर म्हणजे तुमची राखीव ताकद.

समजा एका गाडीचा फ्री-स्पिन वेग भरल्या बॅटरीला ताशी ७० किलोमीटर आहे. तिच्या बॅटरीत सेलांचे २० गट एकापुढे एक जोडलेले आहेत. भरलेला गट ४.२ व्होल्टचा, म्हणून एकूण ८४ व्होल्ट. बॅटरी उतरून प्रत्येक गट ३.३ व्होल्टवर आला की एकूण ६६ व्होल्ट उरतात, आणि फ्री-स्पिन वेगही त्याच प्रमाणात ताशी ५५ वर येतो. सकाळी ताशी ४५ला भक्कम वाटणारी गाडी संध्याकाळी त्याच वेगाला अगदी काठावर असते. पायाला यातला काहीही फरक जाणवत नाही! पेडल तेवढेच आडवे, तेवढेच घट्ट. मग एखादा खड्डा येतो, चढ येतो, समोरून वाऱ्याचा झोत येतो, किंवा तुम्हीच ओव्हरटेकच्या मोहाने जरा जास्त रेलता. मघाच्या हिशेबातले ५ सेंटिमीटर म्हणजे ३७ न्यूटन-मीटरची मागणी, आणि मोटरकडे आहेत २५. पेडल पुढे कोसळते. चालवणारे याला 'ओव्हरलीन' म्हणतात आणि बोर्ड किंवा बॅटरीने अचानक मान टाकली तर 'कटआउट'. पडणाऱ्याला दोन्हींत फरक कळत नाही. सायकलची चेन तुटली तर सायकल घरंगळत राहते. इथे पायाखालची जमीनच जाते.

गाडी इशारे देते, ते पाळायचे असतात. ठरावीक वेग किंवा ठरावीक भार ओलांडला की बीप वाजते. पुढे 'टिल्टबॅक' येतो: गाडी पेडलची पुढची टोके हळूहळू वर उचलते, म्हणजे तुम्ही आपोआप मागे रेलता आणि वेग उतरतो. टिल्टबॅकशी झगडून पुढे रेलणे हा शुद्ध आत्मघात आहे, कारण पेडल वर उचलायलाही त्याच राखीव ताकदीतून टॉर्क खर्च झालेला असतो. मोबाइलच्या अॅपमध्ये ही मर्यादा कमी-जास्त करता येते. ती नव्या मालकाने कमी ठेवावी, आणि कान झाकणारे हेडफोन घालून गाडी चालवू नये. रहदारीच्या गोंगाटात बीप तशीही दबकी ऐकू येते.

वजनदार माणसाने मोठी मोटर का घ्यावी, थंडीत वेग का कमी ठेवावा, चढावर बॅटरी उतरलेली असताना का जपावे, या सगळ्यांचे कारण एकच: राखीव ताकद. थंडीत सेलांचा अंतर्गत रोध वाढतो आणि जोर लावताच व्होल्टेज खाली बसते. नागपूरपेक्षा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाला याची धग जास्त लागते. शून्याखालच्या तापमानात सेल चार्ज करणेही टाळावे लागते, कारण लिथियमचा धातू आत साचून सेल कायमचा बिघडतो.

उतारावर याच्या उलट अडचण. ब्रेक लावताना मोटर जनित्र होते आणि वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असली तर ती वीज ठेवायला जागा नसते, व्होल्टेज मर्यादेबाहेर चढते आणि गाडी तक्रार करू लागते. महाबळेश्वरला रात्रभर चार्ज करून सकाळी आंबेनळी घाट उतरायला घेतला तर नेमके हेच होईल. गाडी-माणूस मिळून १०० किलो, उतार १,००० मीटरचा, म्हणजे सुमारे २७० वॅट-तासांची ऊर्जा. त्यातली निम्मी जरी परतली तरी ती सामावायला जागा हवी. घाटमाथ्यावरून निघताना बॅटरी ८० टक्क्यांवर असलेली बरी.

बॅटरी हाच या गाडीचा सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग. १,५०० वॅट-तासांच्या एका नेहमीच्या पॅकमध्ये १८६५० मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, असे १२० सेल असतात: सहा-सहा सेलांचे २० गट. किलोमीटरला साधारण १५ ते २५ वॅट-तास जातात, म्हणून अशा गाडीवर ६० ते १०० किलोमीटर जाता येते. वेगाने हाकली तर खालचाच आकडा धरावा. पूर्ण चार्जला दीड युनिटच्या थोडी वर वीज लागते, म्हणजे खर्च क्षुल्लक. वेळ मात्र लागतो: २ अँपिअरच्या चार्जरने दहा-अकरा तास, ५ अँपिअरच्याने चार-साडेचार.

रोजच्या वापराला ८०-९० टक्के चार्ज पुरे, त्याने सेलांचे आयुष्य वाढते. तरी अधूनमधून चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही तासभर तो तसाच लावून ठेवावा, कारण बहुतेक बीएमएस, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा, सगळे गट समान पातळीवर आणण्याचे काम अगदी शेवटच्या टप्प्यातच करते. एखादा गट मागे पडला तर पडद्यावरच्या एकूण आकड्यात ते लपून जाते. १९ गट ३.९ व्होल्टवर आणि विसावा ३.२वर असला तरी बेरीज ७७ व्होल्टच्या वर दिसते आणि सारे आलबेल वाटते. जोर लावताच तो विसावा गट आधी कोसळतो. म्हणून प्रत्येक गटाचा आकडा अॅपवर दाखवणारी 'स्मार्ट बीएमएस' ही मी चैनीची वस्तू मानत नाही. दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर वेग थोडा कमी असलेली, पण ही सोय असलेली गाडी घ्यावी.

पाऊस हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. खोक्यावर पाण्यात टिकण्याचा दर्जा छापलेला असला तरी आषाढातल्या तुंबलेल्या रस्त्यातून ती नेऊ नये. पाणी एकदा पॅकमध्ये शिरले की आत हळूहळू गंज धरतो आणि नुकसान काही महिन्यांनी उघड होते. भिजलेली गाडी लगेच चार्जला लावायची नाही. आधी पुसून, पंख्याखाली नीट वाळू द्यायची. लिथियम बॅटरीने पेट घेतला तर ती विझवणे घरच्या साधनांचे काम नव्हे. त्यामुळे चार्जिंग जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर, आणि बाहेर पडायच्या दारापासून दूर करावे. फ्लॅटच्या दाराशी, चपलांच्या रॅकशेजारी रात्रभर चार्जिंग हा सर्वांत वाईट पर्याय. उन्हाळ्यात बंद मोटारीच्या डिकीत ती ठेवू नये, आणि महिनाभर वापरायची नसेल तर निम्मी भरून थंड जागी ठेवावी.

टायरची हवा आठवड्याला बघायची. माणसाच्या वजनाप्रमाणे ३० ते ४० पीएसआय हा सर्वसाधारण पल्ला. हवा कमी असेल तर वळणे जड होतात आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटून फाटते. जास्त असेल तर प्रत्येक खडी पायाला कळते. हवेचा व्हॉल्व्ह खोक्याच्या आत दडलेला असतो आणि पेट्रोल पंपावरचा नोझल तिथे पोचत नाही, म्हणून वाकडी एक्स्टेन्शन नळी बॅगेत कायम ठेवावी.

पंक्चर झाले तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ट्यूबला ठिगळ नक्कीच लावून देईल, पण चाक सुटे करून देणे हे मालकाचे काम. ते थोडे जवळून सांगतो. आधी गाडी बंद, चार्जर दूर. गाडी आडवी करून बाजूची आवरणे काढायची. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर आतल्या बॅटरीला टोचू शकतो, म्हणून कागदावर खोक्याचे चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवावा. मोटरच्या तीन जाड तारा आणि त्यांच्यासोबत हॉल सेन्सरच्या पाच-सहा बारीक तारा आसातून बाहेर येतात. जोड सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. कनेक्टर त्याच्या प्लॅस्टिकला धरून सोडवा, तारेला हिसडा देऊ नका. बारीक तारांपैकी एक जरी तुटली तरी चाक कुठे आहे हे बोर्डाला कळत नाही आणि गाडी जागच्या जागी गचके देते. नंतर पेडलचे दोन्ही आधार सुटतात आणि चाक बाहेर येते. ते अपेक्षेपेक्षा फारच जड लागते, कारण मोटर त्यातच आहे. परत बसवताना टायरवरच्या बाणाची दिशा पाहा, तारा आसाजवळ चिमटत नाहीत ना ते बोटाने चाचपा, आणि पुन्हा उभे राहण्यापूर्वी गाडी हाताने पुढे-मागे करून पेडल नीट सावरते का याची खात्री करा. हे पहिल्यांदा करताना अख्खी दुपार जाते. म्हणूनच ट्यूबमध्ये आधीच सीलंट भरून ठेवावे, असे मी कोणालाही सुचवतो.

कायद्याचे चित्र देशागणिक बदलते. फ्रान्सने २०१९ मध्ये अशा वाहनांना रीतसर स्थान दिले आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा घातली. जर्मनीने त्याच वर्षी जूनमध्ये नियम केले, पण त्यात धरायला दांडा असण्याची अट असल्याने एकचाकी बाहेरच राहिली. ब्रिटनमध्ये ती सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर बेकायदा आहे, खाजगी जागेत मालकाच्या परवानगीने चालते. भारतात २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतली, चाचणी संस्थेने प्रमाणित केलेली बॅटरीची गाडी नोंदणीतून सुटते. बहुतेक एकचाक्यांची मोटर याच्या कित्येक पट मोठी असते. तेव्हा रहदारीच्या रस्त्यावर नेण्यापूर्वी आरटीओत विचारणे शहाणपणाचे, आणि अपघात झाल्यास विमा तुमच्या बाजूने उभा राहील असे गृहीत धरू नये. विमानात ती नेता येत नाही. प्रवाशाला परवानगीनेही १६० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते आणि इथे आकडा हजारात असतो. परदेशातून येताना कुणाला 'येताना एक घेऊन ये' सांगायची सोय नाही.

त्यामुळे इथे बरेच जण वापरलेली गाडी शोधतात. ती पारखायची रीत अशी. मालकाला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा. २० गटांच्या पॅकला पडद्यावर ८४ व्होल्टच्या अगदी जवळ आकडा दिसायला हवा. तो ८२ला अडकला असेल तर एखादा गट दुबळा असण्याची दाट शक्यता आहे. अॅपमध्ये एकूण किलोमीटर बघा आणि ते टायरच्या झिजेशी ताडून बघा. आवरणाच्या फटींत वाळलेल्या चिखलाच्या रेषा, चार्जिंगच्या भोकात हिरवट गंज, उघडलेल्या स्क्रूंची झिजलेली डोकी, ही पाण्याची आणि दुरुस्तीची चिन्हे. चालू गाडी हवेत उचलून चाक हळू फिरवा. आवाज एकसारखा यावा, घरघर आली तर बेअरिंग गेले. पेडल हाताने वर-खाली हलवून ढिली आहेत का पाहा. चालवता येत असेल तर बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली आल्यावर एक छोटा चढ चढून बघा आणि त्या वेळी व्होल्टेजचा आकडा किती खाली बसतो त्यावर लक्ष ठेवा. पाच-सहा व्होल्ट बसून लगेच वर आला तर चालेल. त्याहून खोल गेला आणि वर यायला रेंगाळला, तर नव्या पॅकची किंमत सांगितलेल्या भावातून वजा करूनच बोलणी करा.